डाग आधी होता

माझ्या टाचेवरचा डाग आमच्या घरच्या डॉक्टरने पाहिला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना ते हुडकून काढल्याचा आनंद कोणाला नको. घरची डॉक्टर म्हणजे माझी मुलगी प्रज्ञा. ती तेव्हा इंटर्नशिप करत होती. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात ती पहिली डॉक्टर. तिला मेडिकलला जागा मिळाली तेव्हा नालवाडीतल्या आमच्या गल्लीत आम्ही पेढे वाटले, आणि समुद्रपूरकडच्या नातेवाइकांनी गावातल्या डॉक्टरकडे जाणं जवळजवळ बंदच केलं. कोणाचं पोट दुखलं, लाव प्रज्ञाले फोन. कोणाच्या म्हशीने चारा सोडला, तरी लाव प्रज्ञाले फोन. ती वैतागायची, पण फोन उचलायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर आहेत. आमच्या घरात बोलण्याचं काम माझ्याकडे आणि हॉर्न वाजवण्याचं त्यांच्याकडे, असं प्रज्ञा म्हणायची. म्हणायची, असंच लिहावं लागतं. अलीकडे ती असलं काही म्हणत नाही.

हे लिहिते आहे ते शहाणपण शिकवण्यासाठी नाही. ते मी पगार घेऊन करते. वॉर्डात असताना माझ्यासारखं झालेलं, जगून घरी गेलेलं माणूस मी शोधत होते. कोणी भेटलं नाही. कदाचित कोणीतरी आत्ता मला शोधत असेल.

काटा

दिवाळीच्या सुट्टीत मी सासरी गेले होते. सासूबाई अजून शेतातल्या घरीच राहतात, समुद्रपूरच्या अलीकडे. कापूस वेचून आल्यावर पाय धुताना मला डाव्या टाचेवर काळं दिसलं. पोरांच्या पेनातून शाईचा थेंब पडावा तेवढंच. घासलं, गेलं नाही. शेतात चालताना काटा मोडला असेल आणि आत काळा पडला असेल, असं मला वाटलं.

सासूबाईंनी माझा पाय मांडीवर ओढला.

"मुरला काटा. थांब, बिबा लावतो."

बाहेरच्यांसाठी सांगते. बिबा म्हणजे ते काळं, कडक फळ. सुईला टोचून दिव्यावर धरायचं, तेल सुटलं की दुखऱ्या जागी टेकवायचं. तेल कातडी जाळतं आणि काळा डाग ठेवून जातं. काटा, भेग, कुरूप, सगळ्याला आमच्याकडे हाच इलाज. तळपायावर बिब्याचा डाग नाही अशी म्हातारी आमच्या गावात सापडायची नाही.

तेल टेकताच मी ओरडले. सासूबाई हसल्या. "शायेत पोरायवर वरडतेस, अन् इथं सोताच बोंबलतेस का वं?"

चार दिवस चटका लागला, मग साल निघाली. काटा काही निघाला नाही. काळं राहिलं, आणि मग हळूहळू पसरलं. पसरलं तर पसरलं, बिबाच तो, पसरणारच.

घरची डॉक्टर

प्रज्ञा ड्यूटीहून आली होती. ओट्याला टेकून उभ्या उभ्या पोहे खात होती. मी स्टुलावर पाय ठेवला आणि म्हटलं, "हे जरा पाह्य."

ती वाकली. बोट लावून पाहिलं.

"बिबा लावला होता का?"

"हाव. तुह्या आजीनं लावला."

"मंग त्याचाच डाग आहे. काही नाही आई. जाईन हळूहळू." मग चमचा माझ्याकडे रोखून म्हणाली, "शाळेत विज्ञान शिकवतेस ना तू? अन् बिबा लावून घेतेस?"

मी हसले. मला त्या वेळी इतकं बरं वाटलं होतं! डागाचं नाही, मुलगी आपल्याला रागावते आहे याचं. ज्या घरात डॉक्टरसमोर बसताना बापजाद्यांनी मान खाली घातली, त्या घरात डॉक्टर ओट्याला टेकून पोहे खात होती.

आता तिच्या बाजूने एक सांगते, कारण ती स्वतः सांगणार नाही. तिने चुकीचा प्रश्न विचारला नव्हता. त्वचेच्या ओपीडीत बिब्याने भाजलेले पाय रोज येतात. आमच्या भागात शिकणाऱ्या डॉक्टरला पहिलं तेच विचारायला शिकवतात, आणि शिकवायलाच हवं. पुढे शाळेत आरोग्य तपासणीला तिच्याच बॅचचा एक मुलगा आला होता. त्यालाही मी टाच दाखवली. "काकू, बिबा?" "हाव." त्याने मान डोलावली. मग डागातून पाणी सुटायला लागलं तेव्हा मी ओपीडीत गेले. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरनेही तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. त्याने मलम दिलं. तिघांनी एकच प्रश्न विचारला आणि तिघांना मी एकच खरं उत्तर दिलं. यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. आळस कोणी केला? कोणीच नाही. राग काढायला एक माणूस हातात सापडत नाही, हा या आजाराचा वेगळा त्रास आहे.

अवधान

पावसाळ्याच्या तोंडाशी जांघेत गाठ आली. पायाला जखम झाली की आमच्याकडे जांघेत अशी गाठ उठते. तिला अवधान म्हणतात. दुखते, ताप येतो, जाते. ही दुखत नव्हती. हाताला सुपारीसारखी कडक लागायची.

प्रज्ञा आणि मी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होतो. मी सहज सांगितलं. तिने घडी खाली ठेवली.

"झोप बरं जरा."

तिने गाठ चाचपली. मग मला खिडकीकडे पाय करायला लावले आणि माझी टाच उजेडात धरली. डागाच्या कडेकडेने बोट फिरवलं. मी म्हटलं, "काय झालं वं?"

"आई, बिबा कायच्यासाठी लावला होता?"

"काटा मोडला होता म्हणून."

"काटा निंगाला का मंग?"

"नाई."

"मंग काटा मोडला हे तुले कसं समजलं?"

"काळं दिसून राह्यलं होतं ना."

तिने माझा पाय अगदी हळू पलंगावर ठेवला. "म्हणजे डाग आधी होता," ती म्हणाली. मला नाही, खिडकीला म्हणाली.

बिबा लावला का, हे सगळ्यांनी विचारलं. बिबा कशावर लावला, हे कोणी विचारलं नाही. आणि मी, रोज पोरांना आधी काय झालं, मग काय झालं हे क्रमाने सांगायला लावणारी बाई, मलाही ते सांगायचं सुचलं नाही. या लेखातून एवढं एकच घ्या. काळ्या डागावर बिबा लावू नका, आणि लावला असेल तर डॉक्टरने विचारायची वाट न पाहता सांगा की डाग आधी होता.

नाव

तुकडा काढून तपासायला पाठवला. निकालाच्या दिवशी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टर मॅडमसमोर बसलो. प्रज्ञाला त्यांनीच शिकवलं होतं. त्या शांतपणे बोलल्या. मेलानोमा. कातडीचा कॅन्सर. जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

मला ऐकू आलं, पण दुसऱ्या कोणाबद्दल बोलत आहेत असं वाटलं. यजमान मात्र एकदम बोलले, आणि ते सहसा बोलत नाहीत. निकालाची वाट पाहताना त्यांनी प्रज्ञाकडून हे नाव ऐकलं असावं. "पण मॅडम, हा तं गोऱ्या लोकायले होते म्हणते ना?"

"असं सगळ्यांनाच वाटतं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या मुलांनाही. पुस्तकातली चित्रंही गोऱ्या पाठीची असतात. आपल्याकडे तो तळपायाला, तळहाताला, नखाखाली येतो. जिथे ऊन लागत नाही तिथे."

यजमानांनी आपले दोन्ही तळहात उघडून पाहिले. स्टिअरिंगने घट्टे पडलेले ते हात मी कितीदा पाहिले असतील, पण त्या दिवशी ते मला अनोळखी वाटले. प्रज्ञा टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती.

येताना यजमान स्कूटर चालवत होते. उभा जन्म या रस्त्यांवर गाडी हाकलेला माणूस, पण नालवाडीचं वळण आलं आणि ते सरळ पुढे निघून गेले. मीही तसंच जाऊ दिलं. घरी जाऊन तरी काय करायचं होतं? पुष्कळ पुढे गेल्यावर त्यांनी बाजूला गाडी थांबवली आणि म्हणाले, "वळाचं राह्यलं वं." मी म्हटलं, "हो. राहिलं."

पालथी

ऑपरेशनच्या आधी वॉर्डात भरती केलं. वॉर्डाचं एक वेळापत्रक असतं आणि त्यात आपण कुठेच नसतो. झाडू, चहा, सुई, राऊंड, जेवण, भेटीची वेळ. शाळेत घंटा माझ्या हातात असते, इथे मी घंटेच्या हातात होते.

मॅडमनी विचारलं, शिकणाऱ्या मुलांनी पाय पाहिला तर चालेल का. मी म्हटलं, मी मास्तरीण आहे, शिकणाऱ्याला नाही कशी म्हणू? तळपाय दिसावा म्हणून मला पालथं झोपवलं. उशीत तोंड, पाय मागे. मला फक्त पलंगाचा गज आणि पुढची भिंत दिसत होती. मागे पुष्कळ चपलाबुटांचे आवाज येऊन थांबले.

"काय दिसतं?" मॅडमनी विचारलं.

कोणी म्हणालं कुरूप. कोणी म्हणालं शुगरची जखम. मग एक मुलगा पुढे आला असावा. "काकू, बिबा लावला होता का?"

"हाव," मी उशीत म्हटलं.

"बिबा, मॅडम!"

उत्तर बरोबर आल्याचा तो आवाज मी ओळखते. माझ्या वर्गात तो रोज ऐकू येतो. मला त्या पोराला शाबासकी द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडू आलं.

मॅडमनी त्यांना खरं काय ते सांगितलं. मग मॅडम माझ्याशी बोलल्या, बोलण्यात काही वाकडं नव्हतं. "ताई, घरात मुलगी डॉक्टर आहे. तिला आधी दाखवलं नव्हतं का?"

प्रज्ञा त्या घोळक्यात आहे की नाही, मला माहीत नव्हतं. दिसतच नव्हतं. पण मी पटकन म्हटलं, "नाई मॅडम. नाई दाखवला. तिले कुठी वेळ होता!"

आणि मागून, अगदी शेवटून, आवाज आला. "दाखवला होता, मॅडम. मीच बिबा म्हणाले."

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या जागी मीसुद्धा कदाचित तेच म्हणाले असते. आता यांना सांग, काय विचारायला हवं होतं."

प्रज्ञा बोललीच नाही. मी वाट पाहिली. मला वळायचं होतं, तिचा चेहरा पाहायचा होता, तिला जवळ घ्यायचं होतं. पण एका हाताने कोणीतरी माझा घोटा धरून ठेवला होता, पाय उजेडात राहावा म्हणून. तो सुटला आणि मी कुशीवर वळले, तेव्हा सगळे पुढच्या खाटेपाशी गेले होते. पाठमोरे पांढरे अॅप्रन. त्यातली माझी कोणती, हे मला ओळखता आलं नाही.

शेजारची खाट

टाचेचं मांस काढलं, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. त्यातल्या काहींमध्ये आजार होता. एवढंच पुरे.

शेजारच्या खाटेवर कारंज्याच्या कमलाबाई होत्या. हायवेवर त्यांचा ढाबा आहे, कढईतलं तेल अंगावर आलं होतं. स्वतःचा हात गुंडाळलेला, पण माझ्या ताटातलं वरण पाहून रोज म्हणायच्या, "मास्तरीनबाई, हे वरन आहे का गरम पानी? माह्या ढाब्यावर असं दिलं तं ट्रकवाले टेबल उलटतीन." सकाळी त्या डाव्या हाताने माझी वेणी घालायच्या. वाकडी यायची. त्या वेणीचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनीच मला सांगितलं. "तुमची पोरगी जिन्यात बसून रडते. म्या पायलं. म्हटलं बाई, जागा बदल. त्या जिन्यात सगळेच रडाले येते, गर्दी होते."

मी हसले, टाके दुखेपर्यंत हसले, आणि मग तोंडावर चादर ओढून घेतली.

समजूत

सासूबाई भेटायला आल्या. खाटेजवळ उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. "माह्या बिब्यानं झालं का वं हे?"

"नाई माय. बिब्यानं नाही होत. मॅडमनी सांगितलं."

"हाव, सांगतीनच ना त्या." त्यांनी माझ्या गुंडाळलेल्या पायाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि परत घेतला. त्यानंतर त्यांनी माझ्या पायाला हात लावलेला नाही.

प्रज्ञाला वाटतं, तिच्यामुळे झालं. सासूबाईंना वाटतं, त्यांच्यामुळे. यजमान काही म्हणत नाहीत, म्हणजे त्यांनाही काहीतरी वाटतच असणार. आजार मला, आणि समजूत मी सगळ्यांची काढायची. बरं, ती निघते तरी का? घरी आल्यावर एकदा मी प्रज्ञाला म्हटलं, "तुही चूक नाई वं बाई."

"मंग कोनाची?" ती म्हणाली.

उभं आयुष्य पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात गेलं आणि पोटच्या पोरीच्या प्रश्नाला मी भिंतीकडे बघत राहिले. तिने पुढच्या परीक्षेची पुस्तकं माळ्यावर टाकली. डॉक्टरकी सोडते म्हणाली. मी रागावले, मग रडले. तिने काही सोडलं नाही, पण पुस्तकंही खाली काढली नाहीत.

आणि फोन बंद झाले. समुद्रपूरकडून आता प्रज्ञाला कोणी पोटदुखी विचारत नाही, म्हैसही विचारत नाही. एका लग्नात चुलत जाऊ दुसरीला म्हणाली, घरात डॉक्टर असून आईचं समजलं नाही. मी ऐकलं. प्रज्ञानेही ऐकलं. मी काठी टेकत त्या जावेपाशी गेले आणि तिच्या हातातली पत्रावळ ओढून घेतली. यजमानांनी मला स्कूटरवर बसवून घरी आणलं. त्या दिवशी त्यांनी रस्ताभर हॉर्न वाजवला.

आता

औषध चालू आहे. थोड्या थोड्या महिन्यांनी फोटो काढतात. फुप्फुसात एक बारीक ठिपका आहे, त्यावर लक्ष ठेवून आहेत. लक्ष ठेवणं म्हणजे काय, तर काही न करता घाबरत राहणं. पाय संध्याकाळी सुजतो. शाळेत मी खुर्चीवर बसून शिकवते, पोरं डबा खाताना विचारतात, बाई, तुमची टाच कुठे गेली? मी सांगते, सुट्टीवर.

प्रज्ञा आता ग्रामीण रुग्णालयात काम करते. खोकला घेऊन आलेल्या बाईलाही ती चपला काढायला लावते. बाया लाजतात. "मातीचे पाय आहे मॅडम, ते काऊन पायता? मले खोकला आहे." ती पाहतेच. काळं दिसलं की बिबा लावला का हे विचारत नाही, आधी तिथे काय होतं हे विचारते. शंका आली की तपासायला पाठवते. आजवर पाठवलेले सगळे डाग बिब्याचेच निघाले. सोबतचे डॉक्टर हसतात म्हणे. ती सांगत नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं.

मी एकदा विचारलं, "एखादा सापडला का खरा?"

"नाई."

बरं झालं म्हणावं, की वाईट? सापडला तर कुठल्यातरी बाईला माझा आजार होणार. नाही सापडला तर माझी मुलगी शोधतच राहणार. मी कशासाठी हात जोडू, मला कळत नाही.

दर रविवारी ती घरी येते आणि मला तपासते. खिडकीचा पडदा बाजूला करते. मी पालथी होते, उशीत तोंड, तशीच. ती उजवा तळपाय पाहते, बोटांच्या फटी पाहते, डाव्या पायाची शिवण, मांडी, पाठ, मग जांघेत बोटं फिरवते. स्वयंपाकघरातला नळ यजमान तेवढ्यापुरता बंद करतात. तिचा चेहरा मला दिसत नाही.

मग ती म्हणते, "काही नाही आई."

ओट्याला टेकून पोहे खाताना म्हणाली होती तेच शब्द. तिलाही ते आठवतं आणि मलाही आठवतं. मी "बरं" म्हणते, आणि वळायला मुद्दाम जरा वेळ लावते. तेवढ्यात तिला डोळे पुसून घेता येतात.